पस्तीस किलोमीटरांपलीकडे

जीएसएम या मोबाईल पद्धतीच्या टॉवरचा आवाका, नेहमीच्या रचनेत, जास्तीत जास्त ३५ किलोमीटर. टॉवर उंच करा, शक्ती वाढवा, मधे एकही डोंगर नसू द्या. चाळिसाव्या किलोमीटरवरच्या माणसाचा फोन लागत नाही. लहर त्याच्यापर्यंत पोचते. त्याच्या फोनचं उत्तरही टॉवरपर्यंत येतं. फक्त ते उशिरा येतं, आणि उशिरा आलेल्या उत्तराला या पद्धतीत जागा नाही.

हा उशीर, जाऊन-येऊन, सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढा. एका लहरीवर आठ जणांनी पाळीपाळीने बोलायचं, अशी जीएसएमची रचना. एकेकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची. लांबच्या फोनला आपली पाळी गाठायची तर थोडं आधी निघावं लागतं, आणि किती आधी हे टॉवर त्याला कळवतो. त्यासाठी शून्यापासून ६३ पर्यंतचे आकडे राखून ठेवले आहेत. एकेक आकडा साधारण ५५० मीटरांचा. ६३ झाले की आकडे संपतात. तिथून पुढे माणसं राहत असली तरी पद्धतीच्या लेखी ती नाहीत.

६३ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. सहा बिटांत मावणारा तो सगळ्यांत मोठा आकडा आहे, इतकंच. ज्यांनी तो ठरवला ते युरोपातले इंजिनिअर होते. त्यांच्या भूमीत ३५ किलोमीटरांच्या आत पाच-दहा गावं आणि एखादं शहर सहज येतं. त्यांना तो आकडा पुरेसा वाटला, आणि त्यांच्यापुरता तो पुरेसा होताच.

मानकात त्याच्या जन्मभूमीचा नकाशा असतो.

हे ऑस्ट्रेलियाने अनुभवलं. तिथली जुनी अ‍ॅनालॉग यंत्रणा दूरवरच्या शेतांपर्यंत, गुरांच्या विस्तीर्ण कुरणांपर्यंत चालत होती. नवी जीएसएम आली ती शहरांसाठी उत्तम होती. जुनी बंद करायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला: कुरणावरच्या माणसाने काय करायचं? टेल्स्ट्रा कंपनीने १९९९ साली ग्रामीण भागासाठी सीडीएमए या दुसऱ्या पद्धतीचं वेगळं जाळं उभारलं आणि २००८ पर्यंत चालवलं. सीडीएमएत पाळ्या नाहीत, म्हणून पाळी चुकण्याचा प्रश्न नाही. एकाच देशात दोन पद्धती राहिल्या, कारण त्या देशात दोन प्रकारची जमीन होती.

तेव्हा जीएसएम चांगलं की सीडीएमए, हा प्रश्न मला कधीच नीट विचारलेला प्रश्न वाटत नाही. कुणाला, कधी, काय अडत होतं, हे विचारावं. उत्तर त्यात असतं.

युरोपला सीमा अडत होती.

१९८० च्या दशकातला युरोप पाहा. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड यांची मिळून एक यंत्रणा, एनएमटी. पश्चिम जर्मनीची सी-नेट्झ. फ्रान्सची रेडिओकॉम २०००. इटलीची आणखी वेगळी. ब्रिटनने अमेरिकी पद्धत घेऊन ती थोडी बदलली आणि तिला टॅक्स असं नाव दिलं. गाडीत बसवलेला किमती फोन देशाची हद्द ओलांडली की मुका व्हायचा. तासा-दोन तासांवर नवा देश लागणाऱ्या खंडात हे किती जाचक असेल! उत्तरेकडच्या चार देशांनी मात्र सीमेपलीकडे चालणारा फोन आधीच करून दाखवला होता. जे शेजाऱ्याला जमलं ते आपल्याला का जमू नये, हा विचार सगळीकडे पसरायला तेवढं उदाहरण पुरलं.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट होतं. शिकागोत ऑक्टोबर १९८३ मध्ये एएमपीएस ही अ‍ॅनालॉग यंत्रणा सुरू झाली आणि दूरसंचार आयोगाने देशभर तीच एक पद्धत ठेवली. शिकागोचा फोन लॉस एंजलिसमध्ये चालत होता. अमेरिकेला सीमा अडत नव्हती, गर्दी अडत होती. न्यूयॉर्क, लॉस एंजलिस यांसारख्या शहरांत ग्राहक वाढत गेले आणि लहरी पुरेनाशा झाल्या. डिजिटल पद्धतीसाठी नवा पट्टा मिळणार नव्हता. जुने फोन बंद करता येत नव्हते. मग त्याच ३० किलोहर्ट्झच्या अरुंद वाटेत एकाच्या जागी तिघांना बसवायचं, आणि शेजारच्या वाटेवर जुनी अ‍ॅनालॉगही चालू ठेवायची, असं ठरलं.

युरोपात आधी फाटाफूट होती, म्हणून एकीची भूक होती. अमेरिकेत आधी एकी होती, म्हणून तिची किंमत कुणाला जाणवली नाही. जपावं असं ज्यांच्याकडे काही नव्हतं ते मोकळ्या मनाने एकत्र आले. ज्यांच्याकडे होतं ते आपापलं जपत वेगळे झाले.

मोकळ्या मनाने म्हणतो, पण एकी सुखासुखी झाली नाही.

युरोपच्या टपाल-दूरसंचार प्रशासनांनी १९८२ साली एक गट नेमला: ग्रूप स्पेसियाल मोबील. जीएसएम ही अक्षरं मूळची या गटाची. १९८६ च्या अखेरीस पॅरिसमध्ये आठ प्रस्तावांची चाचणी झाली. फ्रान्स-जर्मनीचा कल रुंद लहरीच्या पद्धतीकडे होता. त्यांच्या कंपन्यांनी त्यात पैसा घातला होता. उत्तरेकडच्या देशांची पद्धत अरुंद लहरीची होती आणि चाचणीत तिची बाजू बळकट ठरली. फेब्रुवारी १९८७ मध्ये मदेरा बेटावर बैठक भरली. १३ देश एका बाजूला, फ्रान्स आणि जर्मनी दुसऱ्या बाजूला.

मतांनी हरलेला मोठा देश पुढे काय करतो, यावर संस्थांचं भवितव्य ठरतं. फ्रान्स आणि जर्मनी उठून गेले असते तर त्यांना कोण अडवणार होतं? बाजारपेठ त्यांची, कारखाने त्यांचे. पण मे महिन्यात बॉनला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली या चार देशांचे मंत्री भेटले आणि अरुंद पद्धत, थोड्या सुधारणांसह, सगळ्यांनी मान्य केली. ७ सप्टेंबर १९८७ ला कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी करारावर सह्या केल्या: १ जुलै १९९१ पर्यंत सेवा सुरू करायची. दरम्यान युरोपीय समुदायाने ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा सगळ्या सदस्य देशांत याच कामासाठी राखून ठेवायला लावला. ठरल्या दिवशी, म्हणजे १ जुलै १९९१ लाच, फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होलकेरी यांनी ताम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना पहिला जीएसएम फोन केला.

ज्या खंडाने एका आयुष्यात दोन महायुद्धं पाहिली त्या खंडातल्या मोठ्या देशांनी लहान देशांची पद्धत उचलली, कागदावर तारीख घातली, आणि त्या तारखेला पहिला फोन लागलाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला एखाद्या शोधाचा मान मिळावा असं मला मनापासून वाटतं. यंत्र बसवणं सोपं असतं. हट्ट सोडणं अवघड.

तरी ही एकी सगळ्यांसाठी खुली नव्हती, हेही लिहून ठेवायला हवं. पेटंटं मोटोरोलासारख्या मोजक्या कंपन्यांकडे होती, आणि ती पैशाने सहज मिळत नव्हती. तुमची पेटंटं द्या, आमची घ्या, असा व्यवहार चाले. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं ते बराच काळ दाराबाहेर राहिले, जपानी कारखानदारही त्यांत होते. दस्तऐवज सगळ्यांना वाचता येतो म्हणून दार सगळ्यांना उघडं असतं असं नाही.

अमेरिकेत सरकारने दुसऱ्या, म्हणजे डिजिटल, पिढीच्या वेळी हात आखडते घेतले. पद्धत कंपन्यांनी निवडावी. जानेवारी १९८९ मध्ये तिथल्या मोबाईल उद्योगाच्या संघटनेने पाळीपाळीची पद्धत, टीडीएमए, निवडली. चर्चा संपली असं वाटण्याजोगी ती वेळ होती. त्याच वर्षी सान दिएगोच्या क्वालकॉम या चार वर्षांच्या कंपनीने सांगायला सुरुवात केली की पाळ्यांची गरजच नाही. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच रुंद लहरीवर बोलावं. प्रत्येकाच्या बोलण्याला स्वतःचा संकेत असेल, आणि तो संकेत माहीत असणाऱ्याला तेवढंच बोलणं वेगळं काढता येईल.

कल्पना लष्करी दळणवळणात जुनी होती. सामान्य माणसाच्या फोनमध्ये ती चालणं मात्र अनेक जाणत्यांना अशक्य वाटत होतं, आणि त्यांची शंका खरीही होती. टॉवरच्या पायथ्याशी उभा असलेला फोन आणि पाच किलोमीटरवरचा फोन सारख्याच जोराने बोलले तर जवळचा लांबच्याला गिळून टाकतो. सगळ्यांचा आवाज टॉवरपाशी सारखाच पडला पाहिजे. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगत राहतो: जरा कमी, जरा जास्त, जरा कमी. सेकंदाला ८०० वेळा. माणूस चालतो, बस वळते, मधे इमारत येते आणि जाते, तरी हे सांगणं थांबत नाही. या ८०० सूचना जमल्या म्हणून सीडीएमए जमलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये सान दिएगोत क्वालकॉमने लोकांना बोलावून ते चालवून दाखवलं.

संवादाची ही अट मला फार खोल वाटते. जवळच्याने आवाज उतरवला तरच लांबच्याचं ऐकू येतं.

युरोपचं दार १९८७ ला बंद झालं होतं. अमेरिकेचं दार १९८९ ला लोटलेलं होतं, पण कडी घातलेली नव्हती, म्हणून सीडीएमए आत येऊ शकलं. आणि पुढे तिसऱ्या पिढीत युरोपने स्वतःची जी पद्धत आणली, डब्ल्यूसीडीएमए, तिचं मूळ तत्त्व संकेतांचंच होतं. एकीने पोच दिली, फुटीने कल्पना दिली. दोन्ही लागतात, पण त्यांचा खर्च वेगवेगळी माणसं भरतात. एकीचा खर्च भरतो तो न ऐकला गेलेला संशोधक. फुटीचा खर्च भरतो गिऱ्हाईक.

मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या येत. रुळांमधलं अंतर साहेबाने कचेरीत ठरवलेलं असे. ते पार करायचं ट्रंका-वळकट्या डोक्यावर घेऊन प्रवाशाने. अमेरिकेत १९९५ नंतर चार पद्धतींच्या कंपन्या एकाच शहरात धंदा करत होत्या. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर साधा एसएमएस सर्रास जाऊ लागला तो २००२ साली. तोवर युरोपातली शाळकरी पोरं एसएमएसवर वाढली होती.

दक्षिण कोरियाला सीमा अडत नव्हती. अडत होतं ते परावलंबन. अ‍ॅनालॉगची यंत्रणा बाहेरून विकत घेतलेली, हँडसेट मोटोरोलाचे. जीएसएम घेतलं असतं तर तयार माल मिळाला असता, आणि युरोपी कंपन्यांच्या मागे कायमचं उभं राहावं लागलं असतं. म्हणून कोरियाच्या सरकारी संशोधन संस्थेने, ईटीआरआयने, १९९१ मध्ये क्वालकॉमशी करार केला, तोही बाजारात कुठेही न चाललेल्या तंत्रासाठी. १९९३ मध्ये सरकारने सीडीएमए हेच देशाचं मानक ठरवलं. जानेवारी १९९६ मध्ये सेवा सुरू झाली. हँडसेटच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त स्वामित्वशुल्क क्वालकॉमला द्यावं लागे, आणि त्यावरून पुढे तिथे बरीच धुसफुस झाली. पण सॅमसंग आणि एलजी मोबाईल बनवायला शिकल्या त्या या शाळेत.

गरजवंत देश सिद्ध झालेलं घेतो. महत्त्वाकांक्षी देश सिद्ध व्हायचं असलेलं घेतो, आणि सिद्ध करण्याचं काम आपल्या माणसांना देतो.

जपानने स्वतःची पीडीसी पद्धत १९९३ साली आणली. घरची बाजारपेठ इतकी मोठी आणि श्रीमंत की बाहेर पाहण्याची गरज वाटली नाही. १९९९ मध्ये तिथले लोक आय-मोड या मोबाईल इंटरनेट सेवेवर मेल पाहत होते, तिकिटं काढत होते. ते फोन देशाबाहेर चालत नव्हते. मोठी बाजारपेठ बळ देते आणि भिंतही बांधते.

घरात सरकारने पडू नये म्हणणारी अमेरिका परक्याच्या दारात मात्र सरकार म्हणूनच उभी राहिली. १९९४ मध्ये टोकियोच्या परिसरात मोटोरोलाच्या यंत्रणेला जागा मिळावी म्हणून तिने जपानला व्यापारी निर्बंधांची धमकी दिली. २००३ मध्ये इराकवरच्या लढाईच्या धुराळ्यात, तिथलं नवं मोबाईल जाळं युरोपी जीएसएमचं नको, अमेरिकी सीडीएमएचं हवं, असा आग्रह कॅलिफोर्नियाचे खासदार डॅरेल इसा यांनी धरला. इराकच्या शेजारी जीएसएम होतं. इराकमध्येही शेवटी जीएसएमच आलं. घरं उद्ध्वस्त झालेल्या माणसाला शेजारच्या देशातल्या नातेवाइकाशी बोलायचं असतं. त्याच्या फोनवर कुणाचं पेटंट आहे हा त्याचा प्रश्न नसतो.

चीनने जानेवारी २००९ मध्ये तीन कंपन्यांना तिसऱ्या पिढीचे परवाने दिले आणि तिघींना तीन वेगळ्या पद्धती नेमून दिल्या. देशी टीडी-एससीडीएमए दिली ती सगळ्यांत मोठ्या चायना मोबाईलला. दुबळ्या पद्धतीला बलवान पाठ दिली. त्या पाठीला ओझं जाणवलं: चायना मोबाईलच्या ग्राहकांना आयफोन कंपनीकडून मिळायला २०१४ चा जानेवारी उजाडला. पण मानकं जिथे ठरतात त्या टेबलाशी चिनी इंजिनिअरांची रांग त्याच वर्षांत लांबत गेली. महाग शिकवणी होती. वाया गेली नाही.

आपल्याकडे निवड वेगळ्या कारणाने झाली.

३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला, तो जीएसएमवर. परवान्याची अटच तशी होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भारताकडे प्रयोगाला पैसा नव्हता. ज्याची यंत्रणा चार-पाच कारखानदार विकतात आणि जी दहा देशांत चालू आहे ती घेणं शहाणपणाचं होतं. तंत्र स्वस्त पडलं. बोलणं मात्र चैनीचं राहिलं. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे, आणि आलेल्या फोनलाही पैसे. मुंबईत ज्यांच्या हातात तेव्हा मोबाईल दिसे त्यांच्या हातात आधीपासून बरंच काही असे.

सीडीएमए भारतात आलं ते लँडलाइनच्या दाराने. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तार ओढणं खर्चाचं. तारेऐवजी लहर वापरू द्या, असं लँडलाइनच्या कंपन्यांचं म्हणणं. जानेवारी २००१ मध्ये सरकारने त्यांना ‘मर्यादित फिरता’ फोन द्यायची परवानगी दिली: आपल्या स्थानिक हद्दीपुरता फिरायचा, पुढे नाही. मोबाईलच्या परवान्यासाठी मोठी रक्कम मोजलेल्या कंपन्या न्यायाधिकरणात आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वर्तमानपत्रांत ही लढाई दोन तंत्रांची म्हणून रंगली. ती दोन परवान्यांची होती. कोणत्या परवान्यासाठी किती फी भरली, हे त्या भांडणाचं पोट होतं.

नवी मुंबईत कोपरखैरण्याला मुख्यालय असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने २८ डिसेंबर २००२ ला आपली सेवा जाहीर केली, आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरा, फोन घरी न्या, अशी योजना काढली. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत मोबाईल पहिल्यांदा शिरला तो अनेक ठिकाणी या लाटेवर. भाजीचा ट्रक घेऊन वाशीला निघालेल्या शेतकऱ्याला भाव वाटेतच कळू लागला. जीएसएमवाल्यांनाही दर उतरवावे लागले. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने एकच संयुक्त परवाना आणला आणि मर्यादित-अमर्यादित हा भेद पुसला. दोन पद्धतींच्या चुरशीने भारतात गरिबाच्या हातात फोन दिला, हे मी मान्य करतो, आणि कृतज्ञतेने मान्य करतो.

पण त्या सुरुवातीच्या सीडीएमए फोनमध्ये कार्ड नव्हतं.

जीएसएमच्या करणाऱ्यांनी एक निर्णय घेतला होता ज्याचं मोल ६३ या आकड्याहून, पाळ्यांहून मोठं आहे. माणसाची ओळख त्यांनी यंत्रातून बाहेर काढली आणि बोटाच्या पेरावर मावेल अशा चिपेवर ठेवली. फोन कुणाचाही असो, कार्ड घातलं की तो तुमचा. फोन बिघडला तर शेजाऱ्याच्या फोनमध्ये कार्ड टाकून घरी निरोप देता येतो. दुबई-मस्कतहून रत्नागिरीला, चिपळूणला सुट्टीवर आलेला माणूस भावासाठी नोकियाचा हँडसेट आणायचा. मागचं झाकण काढून, बॅटरी उचलून, इथलं कार्ड सरकवलं की तो चालायचा, कारण आखातातही जीएसएम होतं. अमेरिकेतल्या मुलीने प्रेमाने पाठवलेला फोन तिच्या कंपनीची पद्धत सीडीएमए असेल तर इथे घड्याळापुरताही धड उपयोगाचा राहत नसे. वेळसुद्धा तो जाळ्याकडून घ्यायचा.

आपल्याकडच्या कार्ड नसलेल्या हँडसेटमध्ये नंबर यंत्रातच भरलेला असे. हँडसेट बदलायचा तर कंपनीच्या दुकानात जा. कंपनी बदलायची तर हँडसेट टाकून द्या. तालुक्याच्या बाजारात दुरुस्तीच्या टपरीवर जीएसएमचे जुने फोन हातोहात विकले जात, आणि सीडीएमएचे काचेखाली पडून राहत. फोन स्वस्त होता; त्यातून बाहेर पडणं महाग होतं. मानकाची परीक्षा मी याच जागी करतो. आत यायला किती पडतात हे जाहिरात सांगते. बाहेर जायला किती पडतात हे मानक सांगतं.

चौथ्या पिढीत भांडण मिटलं. क्वालकॉमने २००८ च्या अखेरीस आपली वेगळी वाट सोडली. अमेरिकेतली सीडीएमएची मोठी कंपनी व्हेरायझन एलटीई या नव्या सामाईक पद्धतीकडे आली, चीन एलटीईच्याच एका शाखेकडे आला. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोला एलटीई सुरू झाली, आणि तिच्यात ना जीएसएमच्या पाळ्या होत्या ना सीडीएमएचे संकेत. पंधरा-वीस वर्षं ज्यांवरून न्यायालयं, मंत्री, राजदूत झगडले त्या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून तिसऱ्याच तत्त्वावर सगळे एकत्र आले. भारतात ८०० मेगाहर्ट्झचा सीडीएमएचा पट्टा पुढे फोर-जीला गेला.

एकच मानक झालं म्हणून नकाशाचा प्रश्न मिटतो का? तो एकाच टेबलावर येतो, एवढंच.

पाचव्या पिढीच्या कसोट्या ठरत होत्या तेव्हा ग्रामीण भागासाठीच्या तक्त्यांत दोन टॉवरांमधलं अंतर १,७३२ मीटर धरलेलं होतं. पावणेदोन किलोमीटरांवर एक टॉवर. ज्या देशात खेड्यातही प्रत्येकाकडून महिन्याला भरपूर पैसे मिळतात तिथे हे ठीक. भारताच्या प्रतिनिधींनी आपली रचना मांडली: फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतो, टॉवर तिथे उभा राहील, आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या दोन-तीन किलोमीटरांवर असतील. तिथला माणूस वेगाने जाणाऱ्या गाडीत नाही, तो शेतात, ओट्यावर, दुकानात आहे. तेव्हा वेग कमी धरा, पण पल्ला लांब धरा. २०१७ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या कसोट्यांत तिसरा ग्रामीण तक्ता आला. त्यात टॉवरांमधलं अंतर ६,००० मीटर आहे.

एका तक्त्यातली एक ओळ. पण जगाच्या दस्तऐवजात आपल्या ग्रामपंचायतीचं अंतर मोजून लिहिलं गेलं, याचा मला मोठ्या शोधाइतका आनंद आहे.

त्या कसोटीवर भारताने स्वतःचं मानक बनवलं, फाइव्ह-जी-आय. फोनचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत अधिक लांबून पोचावा अशी लहरीची घडण, हा त्यातला महत्त्वाचा भाग. २०२० च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संघाने त्याला मान्यतेकडे नेलं. मग घरातूनच विरोध झाला. कंपन्या म्हणाल्या, वेगळं मानक म्हणजे वेगळी चिप, वेगळी यंत्रणा, महाग हँडसेट. भारत एकटा पडेल. स्वाभिमानाची बाजू घेणाऱ्यांना हे कचखाऊपणाचं वाटलं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण पीडीसीचे फोन आणि काचेखालचे ते हँडसेट आठवले की कंपन्यांचं म्हणणं जड वाटतं. डिसेंबर २०२१ मध्ये तोडगा निघाला: वेगळं मानक चालवायचं नाही, त्यातलं सत्त्व सगळ्यांच्या सामाईक मानकात घालायचं. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत ते गेलं. वेगळं मानक मागितलंच नसतं तर सामाईक मानकात ही जागा मिळाली असती असं मला वाटत नाही. आणि वेगळंच धरून बसलो असतो तर गरिबाचा हँडसेट महाग झाला असता.

मानकात लिहिलेली प्रत्येक गोष्ट टॉवरवर चालू असतेच असं नाही. काही गोष्टी कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या असतात. यंत्रणा मागवताना त्या मागाव्या लागतात आणि चालू कराव्या लागतात. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जीचा शुभारंभ झाला आणि कंपन्यांनी आधी मोठी शहरं घेतली. तिथे ६,००० मीटरांच्या तक्त्याचं काही काम नव्हतं. त्याचं काम जिथे आहे तिथल्या ग्रामपंचायतीत टॉवरसाठी जागेचा ठराव येतो तेव्हा, लांबच्या वस्तीतल्या फोनचा आवाज ओढून घेणारी ती सोय या टॉवरवर असेल का, हा प्रश्न ठरावाच्या आधी विचारता येतो आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येतं.